विनू, पावसचं मशीन चालू आहे

विनू, तुझा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सायलीने मला तुमच्या स्वयंपाकघरात गाठलं. मी चहा गाळत होते. ती दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, खरं सांग. बाबा शेवटी शुद्धीत होते का गं?"

डॉक्टरांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की रक्तातलं सोडियम फार उतरलंय, काहीबाही बडबडतील, मनाला लावून घेऊ नका. तुझ्या पोरीने नेमकं तेच लावून घेतलंय. त्या दुपारी ती तुझा हात धरून बसली होती. तू डोळे उघडलेस, तिच्याकडे नीट बघितलंस आणि म्हणालास, "केळीला पाणी घालायला सांग." तिने विचारलं, "कुठल्या केळीला, बाबा?" तू जरा वैतागलास. "सांग तिला," एवढंच म्हणालास आणि डोळे मिटलेस. त्यानंतर तू कुणाशीच बोलला नाहीस.

तुम्ही राहता दुसऱ्या मजल्यावर. तुमच्या गॅलरीत एक तुळस आणि एक कोरफड. केळ कुठून येणार? म्हणून सायलीने आपल्यापुरता निष्कर्ष काढला, की बाबा आधीच निघून गेले होते आणि आपण उगाच कुणातरी परक्याचा हात धरून बसलो होतो. हे सांगताना ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिला म्हटलं, "मला माहीत नाही." खोटा दिलासा द्यायला जीभ रेटेना. आणि माहीत नाही म्हणायला आपण दोघं कधी लाजलो नाही. आपलं दुकानच त्याच्यावर उभं राहिलं.

आतेभाऊ-मामेबहिणीने मिळून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हा अर्ध्या रत्नागिरीने नाकं मुरडली होती, आठवतंय? बाईमाणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसते म्हणून काही गिऱ्हाइकं नुसती बघायला यायची. पण हळूहळू शहरातल्या इतरांनी हात टेकलेली मशिनं आपल्याकडे यायला लागली. अगदी मेलेलं मशीन सोपं असतं. कुठलातरी भाग गेलेला असतो, तो बदलला की झालं. छळतं ते अधूनमधून पडणारं. घरी निळा स्क्रीन दाखवतं, दर तासाला आपसूक बंद होऊन चालू होतं, आणि आपल्या टेबलावर आणून ठेवलं की सासरी आलेल्या नव्या सुनेसारखं निमूट चालतं. तुझे डोळे चमकायचे असं मशीन आलं की. मला आधी राग यायचा, मग कुतूहल वाटायचं. तुला राग येतच नसे. ह्याचाही मला राग यायचा.

तुझी पद्धतच उलटी. मी कॅबिनेट उघडायची आणि तू गिऱ्हाइकाला उघडायचास. "मशीन पडलं तेव्हा घरात काय चाललं होतं?" हा तुझा पहिला प्रश्न. लोक गोंधळायचे. काय चाललं असणार? कुकर लावला होता, पोरगं शाळेत गेलं होतं. तू सगळं ऐकून घ्यायचास. "तू मेकॅनिक नाहीस, पंचनाम्याला आलेला हवालदार आहेस," असं मी म्हणायची, आणि तू म्हणायचास, "हवालदाराला निदान चहा देतात."

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतलं ते मशीन तू असंच पकडलंस. मी त्याचा पॉवर सप्लाय बदलून बसले होते, सगळं सॉफ्टवेअर पुन्हा घालून झालं होतं, तरी ते बसायचंच. तू काहीच न करता बाहेर टपरीवर चहा प्यायला गेलास. मी मनातल्या मनात तुझा उद्धार केला. परत आलास तो हसतच. शेजारच्या शेडमधली मोठी मोटर सुरू झाली की इकडचा दिवा किंचित मिणमिणतो, हे तुला रस्त्यावरून दिसलं होतं. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती. वरचा हिरवा दिवा मात्र इमानाने जळत होता आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

आणि अलोऱ्याच्या कॉलनीतले ते निवृत्त साहेब! ते बसले की मशीन पडायचं, त्यांची बायको बसली की दिवसभर चालायचं. साहेबांना वाटायला लागलं होतं की यंत्रसुद्धा बायकोच्या बाजूने आहे. तू त्यांच्या खुर्चीत बसलास, त्यांच्यासारखे पाय लांब केलेस, आणि तुझ्या अंगठ्याला कॅबिनेटच्या मागची सैल वायर लागली. साहेब उंच होते, बाई बुटक्या होत्या. निदान संपलं.

मीही काही सारखी हरत नव्हते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळे पडतात, संपर्क तुटतो आणि मशीन कोसळतं. पट्टी काढायची, दातांवरून खोडरबर फिरवायचं, परत बसवायची. किनाऱ्यालगतच्या किती गावांतली मशिनं मी नुसत्या खोडरबराने उठवली! "हिच्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, खोडरबर असतं," असं तू गावभर सांगत सुटायचास.

आपल्या दोघांत एकच नियम होता आणि तो तुझा होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "दोन बदललीस तर मशीन सुधारेल, पण तू शहाणी होणार नाहीस." हे तू मला इतक्या वेळा ऐकवलंस, की शेवटी मी पोळ्या करतानासुद्धा पीठ बदललं तर तवा बदलत नसे.

आणि तोच नियम आपण पावसला, सुमनकाकूंच्या घरी मोडला, विनू. दोघांनी मिळून मोडला, आणि दोघांनाही ते कळलं नाही.

सुमनकाकूंचा फोन ऐन हंगामात आला होता. हापूसच्या पेट्या पडवीत रचलेल्या, टेम्पो यायची वेळ झालेली, आणि पत्त्यांची लेबलं छापता छापता कॉम्प्युटर मध्येच बंद. चालू केला की पुन्हा चार लेबलं, पुन्हा बंद. मुलगा मुंबईला, हाताखाली गडीमाणसं, आणि काकू एकट्या त्या मशीनपुढे बसलेल्या. तुझ्या स्कूटरवरून आपण भर दुपारचे गेलो. ऊन असं होतं की तू हेल्मेट काढल्याबरोबर म्हणालास, "आधी डोक्यावर पाणी घेतो, मग बघू," आणि घराला वळसा घालून मागच्या विहिरीकडे गेलास.

मी पडवीत बसले. काकूंनी कोकम सरबत दिलं आणि तक्रारींचा पाढा वाचला. "आणि त्या मेल्या कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात गो, मुंग्या चावल्यासारख्या."

झिणझिण्या म्हटल्यावर कोणीही आधी अर्थिंग बघेल. मीही बघितलं. कॅबिनेट उघडून, आतली धूळ झटकून झाल्यावर पिशवीतला टेस्टिंगचा बल्ब काढला, एक वायर फेजला आणि एक अर्थिंगला लावली. बल्ब लख्ख पेटला. अर्थिंग ठणठणीत. काकूंनी पत्र्याला हात लावून बघितला आणि त्याही म्हणाल्या, "आता नाही गो येत." मग रॅम काढली, तर तिचे दात काळेठिक्कर. मी ती पट्टी पिशवीत टाकली, माझ्याकडची दुसरी बसवली. लेबलांची भेंडोळी निघाली. मशीन एकदाही पडलं नाही. काकूंनी मला पिकलेला आंबा दिला आणि मी तो ऐटीत खाल्ला.

तेवढ्यात तू ओल्या केसांनी आलास. सगळं ऐकलंस आणि म्हणालास, "अर्थिंग बघितलंस?"

मी बल्बाकडे बोट दाखवलं.

"दिसतोय," तू म्हणालास. "तरी मला अर्थिंगच वाटतंय."

तुझ्या त्या 'तरी'ने माझं टाळकं फिरलं. पुरावा समोर जळतोय आणि हा माणूस 'तरी' म्हणतोय! परत येताना आपण रस्ताभर भांडलो. भाट्याच्या पुलावर वाऱ्यापुढे काही ऐकू येईना तरी मी मागे बसून ओरडत होते. तुझं एकच पालुपद, "रॅमने हाताला झिणझिण्या येत नाहीत." आणि माझं, "मग बल्ब का पेटला? पुरावा आण आणि मग बोल." दुकानापाशी उतरताना तू म्हणालास, "आणतो." मग तुला ताप आला, इस्पितळात न्यावं लागलं. ते भांडण तसंच राहिलं.

वॉर्डात तुझ्याजवळ बसायचं तर काय बोलायचं हा मला प्रश्न पडे. तब्येतीचं विचारलं की तू तोंड फिरवायचास. म्हणून मी दुकानातलंच सांगायची. सुमनकाकूंचा पुन्हा फोन आला होता, मशीन आठवडाभर बरं चाललं आणि परत पडायला लागलं, हे मी तुला सांगितलं. तू मान माझ्याकडे वळवलीस. मग एवढंच विचारलंस, "झिणझिण्या?"

"आहेत म्हणाल्या."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं थकलास, म्हणून मी पांघरूण सारखं केलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू सायलीला केळीचं सांगितलंस. मी संध्याकाळी पोचले तेव्हा तू बोलण्यापलीकडे गेला होतास.

सायलीने स्वयंपाकघरात मला तो प्रश्न विचारला, तोवर हे वाक्य माझ्या कानावर आलंच नव्हतं. आल्यावरही डोक्यात काही पेटलं नाही. पेटणार कसं? काकूंच्या घरामागे मी कधी गेलेच नव्हते. मी आपली पडवीत बसून सरबत पिणारी.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. बिचाऱ्या आधी तुझ्याबद्दल बोलल्या, मग संकोचत म्हणाल्या, "तुझं दुःख कळतंय हो मला, पण जमेल तशी येऊन जा." मी एकटी गेले. बसने गेले, तुझी स्कूटर काढवेना. मशीनच्या पत्र्याला हात लावला आणि खरंच बोटांना झिणझिण्या आल्या. बल्ब लावला. आतली तार जेमतेम लाल झाली. बल्ब तोच, भिंतीतला पॉइंट तोच, मी तीच.

विनू, मला त्या क्षणी दुःख वगैरे काही आठवलं नाही. नुसतं कुतूहल. असं कसं झालं? मी काकूंना विचारलं, "तुमचं अर्थिंग कुठाय?"

"मागे, मोरीपाशी. केळीखाली," काकू म्हणाल्या.

मी उठून धावलेच. काकू मागून ओरडत होत्या, "अगो, पायात घाल काहीतरी, कातळ तापलाय!"

आपल्याकडचे जुने वायरमन शहाणे. जांभ्या दगडाच्या जमिनीत ओल टिकत नाही हे त्यांना ठाऊक. अर्थिंगची तार कोरड्या जमिनीत गेली की असून नसल्यासारखी. म्हणून ते खड्डा मोरीच्या पाण्याखाली घ्यायचे आणि वर केळ नाहीतर अळू लावायला सांगायचे. घरातली भांडी घासली जातात, केळ जगते, जमीन ओली राहते आणि अर्थिंग आपलं काम करतं. काकूंच्या घरी वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. आता मात्र केळीची पानं माना टाकून लोंबत होती आणि बुंध्याशी माती भेगाळली होती. मोरीतून निघालेला एक नवाकोरा पाइप केळीला वळसा घालून लांब जात होता.

"हा पाइप कधी घातलात?"

"शिमग्याला मुलगा आला होता ना, तेव्हा घातलान. डास होतात म्हणालान. तिकडे शोषखड्डा बांधलान, चांगला सिमेंटचा." मग काकू केळीकडे बघत म्हणाल्या, "विनूभाऊ त्या दिवशी इथेच उभे राहून न्हायले. कळशीवर कळशी ओतत होते डोक्यावर. मी म्हटलंसुद्धा त्यांना, बरं झालं, आमच्या केळीला मिळालं."

मी तिथेच धुण्याच्या दगडावर बसले.

तू न्हालास, विनू! मी आत सरबत पीत, कॅबिनेट झटकत बसले, तेवढ्यात तुझ्या आंघोळीचं पाणी जमिनीत मुरलं, आणि मग मी बल्ब लावला. माझी तपासणी चोख होती. तूच ती भिजवलीस. वर ओल्या केसांनी येऊन मलाच विचारलंस, अर्थिंग बघितलंस का म्हणून! ते पाणी सुकेपर्यंत मशीन चाललं आणि श्रेय गेलं माझ्या रॅमला. आपण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या.

आणि हे तुला कळलं कधी? तर वॉर्डातल्या खाटेवर, मी 'झिणझिण्या आहेत' म्हटल्यावर. तू पडल्या पडल्या सगळं उलगडत गेला असणार. मशीन आठवडाभर का चाललं? त्या दिवशी काय वेगळं झालं होतं? घरात काय चाललं होतं? तुझाच प्रश्न तू तुलाच विचारलास आणि उत्तर आलं, मी त्या केळीपाशी न्हात होतो. सोडियम उतरलेल्या डोक्याने तू हे केलंस. माझं सोडियम शाबूत होतं आणि मला जमलं नाही.

मी त्या केळीला पाणी घातलं. काकू नको नको म्हणत असताना विहिरीवरून घागरी आणल्या. मग चहा प्यायलो, बल्ब लावला, तो पेटला. पण आपला नियम पाळायला हवा होता. पिशवीत अजून ती काळ्या दातांची रॅम होती. खोडरबर न फिरवता तशीच परत बसवली. दुपारभर लेबलं छापली. मशीन हललं नाही. रॅम निर्दोष होती. मी हरले, विनू, आणि हे ऐकायला तू नाहीस. भाट्याच्या पुलावरून बस जाताना मी खिडकीशी बसून हमसाहमशी रडले. शेजारच्या बाईने न विचारता तिचा रुमाल दिला.

काकूंच्या गड्याने पाइप कापून मोरीचं पाणी पुन्हा केळीकडे वळवलंय. आता खड्ड्यात कोळसा आणि मीठही भरून घेऊ. पण मला घाई होती ती तुमच्या घरी पोचायची. सायलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात होतं, आणि तेही पुराव्यासकट.

वहिनी खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. सायली मोबाइल घेऊन कोपऱ्यात. मी चपलासुद्धा नीट न काढता सगळं सांगितलं, न्हाण्यापासून बल्बापर्यंत. "बाबा पूर्ण शुद्धीत होते," मी म्हटलं. "आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त. 'सांग तिला' म्हणजे मला. तुझ्याकडे निरोप दिला होता."

सायली आधी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग तिचं हसू उतरत गेलं.

"म्हणजे ते शुद्धीत होते," ती सावकाश म्हणाली. "त्यांना सगळं कळत होतं. मी हात धरलाय हेही कळत होतं. आणि तरी त्यांना बोलावंसं वाटलं ते कुणाच्यातरी कॉम्प्युटरबद्दल. आई नाही, मी नाही. केळ."

मी उत्तर आणलं होतं आणि त्या उत्तराने पोरीला नवी जखम केली. असं मशीनच्या बाबतीतही होतं म्हणा, एक दोष काढला की त्याच्याखालचा दुसरा दिसायला लागतो. पण ही तुझी मुलगी होती. तू असतास तर काय बोलला असतास, ह्याचा मी अंदाज करत राहिले.

वहिनीने ताट बाजूला ठेवलं.

"मला रोज एकच वाटायचं," ती म्हणाली. "मी औषध आणायला खाली गेले आणि तेवढ्यात हे बोलायचे थांबले. एकटे घाबरले असतील, असं वाटायचं. ह्यांना सुईचीसुद्धा भीती. जेवताना तेच, पाठ टेकली की तेच." मग सायलीकडे वळून ती म्हणाली, "अगो, घाबरलेला माणूस आपल्या माणसाला हाका मारतो. कुणाच्या परसात काय सुकलं ते त्याला नाही आठवत. तू जवळ होतीस ना? म्हणून निवांत होते. नेहमीसारखे निवांत होते."

सायली उठून आईच्या कुशीत गेली आणि मोठ्याने रडली. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी चपला काढून दाराबाहेर नेऊन ठेवल्या.

हे आपल्या दोघांना कधी सापडलं नसतं, विनू. तू ते न्हाण्यात शोधलं असतंस आणि मी रॅममध्ये. वहिनीला ते माहीत होतं, कारण ती तुला माझ्यापेक्षा जवळून ओळखत होती. ह्या गोष्टीचा मला मत्सर वाटला, आणि मग खूप बरं वाटलं.

उद्यापासून दुकान उघडायचं ठरवलंय. एका दवाखान्यातलं मशीन येऊन पडलंय, सकाळी चालतं, दुपारी पडतं. मी कॅबिनेट उघडेन, बल्ब लावेन, मला जे दिसेल ते बरोबरच असेल. पण समोर बसून 'तरी' म्हणणारं कोणी नसेल. तू घाबरला नव्हतास हे कळलं, फार बरं झालं. मी घाबरले आहे.